धायरीपुरती हवा

रविवारी सकाळी मी एवढंच ठरवलं होतं, की निघण्याआधी गाडीत हवा भरून घ्यावी. यात काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

गाडी नवीकोरी, इलेक्ट्रिक. दिवसातून दोनदा मी ती स्वतःच्या हाताने पुसतो. (घरात मी अजून चहाचा कपसुद्धा विसळलेला नाही, असं माझी बायको मेहजबीन म्हणते.) त्या दिवशी माझा मेहुणा बिलाल याची मंगनी, म्हणजे साखरपुडा होता, मुलीच्या घरी, धायरीला. आमच्या खराडीहून निघायचं म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं. नव्या गाडीला याहून चांगला मुहूर्त कुठला?

मोबाइलवर इलेक्ट्रिक गाडीवाल्यांचा एक ग्रुप आहे. त्यात कुणीतरी लिहिलं होतं, टायरमध्ये हवा जास्त असली की टायर रस्त्याला कमी घासतो आणि गाडी एका चार्जिंगमध्ये जास्त पळते. मी हरखूनच गेलो. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला कंपनीने हवेचा दाब पस्तीस लिहिला होता. पण कंपनी काय, सगळ्यांसाठीच लिहिते. मी पंपावर अठ्ठेचाळीस भरायला सांगितलं. भरणाऱ्याने दोनदा विचारलं, मी दोनदा ठासून सांगितलं.

घरी येऊन ही आनंदाची बातमी मेहजबीनला दिली. म्हटलं, आता बघ रेंज कशी वाढते.

"अहो, आपल्याला धायरीला जायचंय," ती म्हणाली. "धारवाडला नाही."

निघालो. पुढे मी आणि मेहजबीन. मागे क्रीम रंगाच्या शेरवानीत बिलाल आणि त्याच्या शेजारी सासूबाई, मांडीवर फिरनीचं पातेलं घेऊन. हडपसरपर्यंत गाडी अशी काही धावली, की मला गाणं म्हणावंसं वाटलं. (म्हटलंही.) रस्त्यातला प्रत्येक खडा बुडाखाली जाणवत होता खरा, पण मी त्याला गाडीचा उत्साह समजत होतो.

सिंहगड रोडवर पहिला मोठा स्पीडब्रेकर आला. गाडी उडाली, आम्ही उडालो आणि थोड्या वेळाने खाली आलो. फिरनी मात्र भलतीकडेच आली. तिचा बराचसा भाग बिलालच्या छातीवर बसला होता, वरच्या पिस्त्यांसकट.

"शहेजादमियाँ," सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "ही मोटार आहे की उंट?"

मी गाडी बाजूला घेतली. मेहजबीनने ओढणीने शेरवानी पुसली, तशी फिरनी आणखी पसरली. शेवटी माझी नवी बंडी उतरवून बिलालला चढवली. ती त्याला पोटावर सैल होत होती, याबद्दल त्या प्रसंगातही तो दोन शब्द बोललाच.

पण मी खचलो नव्हतो. दोष हवेचा होता आणि हवा काढणं सोपं होतं. किल्लीचं टोक व्हॉल्व्हमध्ये दाबून मी चारही टायरांची हवा सोडली. मोजायला काही नव्हतं, म्हणून फुस्स आवाजावरून अंदाज घेतला. (माझा कान चांगला आहे. मघाशी गाणंही सुरात होतं.) गाडी सुरू केली तर पडद्यावर लाल खूण आली, गाडी टूं टूं करू लागली आणि गादीवरून चालल्यासारखी डुलायला लागली.

यावर सासूबाईंनी चर्चा केली नाही. उरलेली फिरनी घेऊन त्या खाली उतरल्या आणि त्यांनी रिक्षाला हात केला. पाठोपाठ बिलाल उतरला. मेहजबीन माझ्याकडे एकदा बघून उतरली. मी एकटाच हळूहळू जवळचा पंप गाठला आणि चारही टायरांत निमूटपणे पस्तीस भरून घेतली.

आणि काय सांगू, गाडी लोण्यावरून चालावी तशी चालली. पडद्यावर रेंजचा आकडा कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला. माझा आनंद गगनात मावेना. मुलीच्या घरासमोर पोचलो तेव्हा आत मंगनी उरकून पेढे वाटून झाले होते आणि मेहजबीन फाटकात माझी वाट बघत उभी होती. मी खिडकीतूनच सांगितलं, की योग्य हवेचा शोध लागला, रेंज चक्क वाढली.

तिने गाडीतल्या रिकाम्या सीटांवरून एकदा नजर फिरवली.

"आम्ही तिघं उतरलो तर एवढी वाढली," ती म्हणाली. "परत जाताना तुम्हीही उतरून बघा."