रेडिओचं बटण

"वर्षभराने भेटा. हा माणूस तुम्हाला ओळखूच येणार नाही," रेडिओने आरशातल्या स्वतःवर कंगवा रोखून जाहीर केलं. खुर्चीतल्या गिऱ्हाइकाच्या गालांवर साबणाचा फेस होता, म्हणून त्याला हसता आलं नाही. बाकावर बसलेल्यांनी त्याच्याही वाटचं हसून घेतलं.

रेडिओ म्हणजे कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक. दुकानाला चांगलं नाव होतं, पाटीही होती, पण ती कोणी वाचत नसे. सकाळी शटर वर गेलं की रेडिओचं बोलणं सुरू होई आणि शटर खाली आलं की उरलेलं तो घरी घेऊन जाई. हे नाव त्याला शाळेत भूगोलाच्या सरांनी ठेवलं होतं. "या रेडिओला बटण लावायचं देव विसरला," असं सर भर वर्गात म्हणाले आणि तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच.

सर आता निवृत्त झाले होते. बायको देवाघरी गेलेली, मुलगी लांबच्या शहरात. दर शनिवारी सकाळी ते रेडिओच्या खुर्चीत येऊन बसत. खरं तर सरांच्या डोक्यावरचे केस त्यांच्याही आधी निवृत्त झाले होते, कानामागची थोडी मंडळी तेवढी अजून कामावर होती. ती कापायला रेडिओ तासभर लावायचा, कारण कात्री थोडीशीच चालायची आणि बाकी वेळ तोंड. सरांचं गुडघ्याचं दुखणं, मुलीचा फोन, शेजारच्या मांजराने फोडलेली कुंडी, आठवडाभर ज्याला ऐकणारं कोणी नसे ते सगळं त्या खुर्चीत बोललं जाई. उठताना सर म्हणत, "चला, हलकं वाटलं." आणि जमिनीवर पाहावं तर केस चिमूटभरच पडलेले असत.

तर अशा या रेडिओला मोबाईलमध्ये एक शांत माणूस भेटला. पांढरा सदरा, मागे झरा, आणि आवाज असा की ऐकता ऐकता म्हशीलाही झोप लागावी. तो रोज तीन गोष्टी सांगायचा. शुद्ध खा. जोडधंदा करा. आणि हातात जे काम आहे त्यात पूर्ण बुडून जा, इतकं की दुसरं काही उरू नये. रेडिओने तिन्ही गोष्टी एकाच सोमवारी सुरू केल्या. अर्धवट काही करायचा त्याचा स्वभावच नव्हता.

पहिल्यांदा घरातलं मीठ, साखर आणि तेल त्याच्या ताटातून हद्दपार झालं. उकडलेला भोपळा आणि कच्चा पाला समोर ठेवून तो एकेक घास डोळे मिटून चावत बसे. मग जोडधंदा आला. अळशी, कोंडा आणि सूर्यफुलाच्या बिया एकत्र करून त्याने ओव्हनमधून बिस्किटं काढली.

"यात साखर नाही, तूप नाही, मैदा नाही," तो अभिमानाने म्हणाला.

"मग आहे काय?" बायकोने विचारलं. तिने एक बिस्किट ओट्यावर आपटून पाहिलं. ओट्याची काळजी वाटून दुसऱ्यांदा आपटलं नाही.

बायको मुळातच कमी बोलणारी. रोज उजाडायच्या आधी उठून ती खिडकीपाशी हात जोडून बसायची. किती वर्षं, ते तिचं तिला ठाऊक. तेवढा वेळ ती बोलत नसे. मध्येच दूध वर आलं तर उठून गॅस बंद करायची आणि पुन्हा येऊन बसायची. याला नेम म्हणतात हे रेडिओच्या कधी लक्षातच आलं नव्हतं. त्याला वाटे, हिला सकाळी जाग लवकर येते.

तिसरी गोष्ट मात्र त्याने थेट दुकानात नेली. आरशाच्या वर पाटी लागली: 'येथे सजगपणे केस कापले जातात. कृपया बोलू नये.' शेजारी बिस्किटांची बरणी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की रेडिओ त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून डोळे मिटायचा आणि लांब लांब श्वास घ्यायचा. कोणी तोंड उघडलंच तर ओठांवर बोट ठेवायचा, मग मंद हसून वर छताकडे पाहायचा.

ज्या दुकानात आजवर दोन रेडिओ लावल्यासारखा गलबला असे, तिथे आता कात्रीची कचकच तेवढी ऐकू येऊ लागली. माणसं चोरासारखी येत, चोरासारखी जात. बिस्किटांच्या बरणीला कोणी हात लावत नसे.

समोरच्या दुकानात घड्याळवाले काका बसायचे. डोळ्याला भिंग लावून दिवसभर बारीक चाकं पाहायची सवय, त्यामुळे भिंग काढलं तरी त्यांना बारीकसारीक दिसतच राही. त्यांनी पाहिलं, की रेडिओ मध्येच डोळे मिटून खुर्चीला धरून उभा राहतो. पट्ट्याला नवी भोकं पडली आहेत. गाल आत गेले आहेत. ते एकदा मुद्दाम रस्ता ओलांडून आले.

"काय रे, बरं आहे ना?"

रेडिओच्या हातात कात्री होती. तो मंद हसला आणि त्याने वर छताकडे पाहिलं.

काकांनीही वर पाहिलं आणि नको तो अर्थ काढला. संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी त्यांना रेडिओची बायको भेटली. त्यांनी आडून विचारलं, "वहिनी, घरी सगळं ठीक?"

"कसलं ठीक, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "मीठ बंद, साखर बंद, तेल बंद. भोपळ्यावर आहेत. काही विचारलं की डोळे मिटतात."

"आणि बोलणं?"

"तेही गेल्यातच जमा."

काकांनी पुढे विचारलं नाही. अशा वेळी बाईमाणसाला जास्त खोदून विचारू नये एवढं त्यांना कळत होतं. ते तसेच परत गेले, चहाच्या टपरीवर बसले आणि खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "आपल्या रेडिओचं काही खरं नाही. डॉक्टरांनी सगळं बंद केलंय."

त्यानंतर चमत्कार झाला. बिस्किटं खपू लागली. एक नाही, दोन नाही, लोक पिशव्या भरभरून नेऊ लागले. सुटे पैसे परत घेईनात. ज्या वाण्याने आजवर दाढीचे पैसेही कधी वेळेवर दिले नव्हते, तो नोट ठेवून, रेडिओच्या खांद्यावर थोपटून, नाक ओढत बाहेर पडला. "औषधपाण्याला तेवढाच हातभार," असं बाहेर कुजबुजलं जात होतं, पण आत शांतता पाळली जात असल्याने ते रेडिओपर्यंत पोहोचलं नाही.

"बघ," तो रात्री बायकोला म्हणाला. बिस्किटांपुरती बोलायची मुभा त्याने स्वतःला दिली होती. "मी बदललो, जग बदललं. लोकांना शुद्ध खाण्याची केवढी भूक होती."

"खातं का कोणी ती?" बायकोने विचारलं.

"नेतात की."

"नेतात हो. खाल्लेलं कोणी सांगितलं का?"

रेडिओने डोळे मिटले.

अशातच तो शनिवार आला. सर नेहमीच्या वेळेला आले, पण इस्त्रीचा सदरा घालून. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी दुकान एकदा नीट पाहून घेतलं. बाक, कॅलेंडर, कोपऱ्यातला तडा गेलेला आरसा. मग बसले. रेडिओने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून श्वास सुरू केला.

"अरे, एक सांगायचं होतं," सर म्हणाले.

रेडिओने ओठांवर बोट ठेवलं.

आरशातून सर त्याच्याकडे बघत राहिले. आत गेलेले गाल, ढगळ सदरा. ते दोनदा मान वळवून त्याच्याकडे पाहू लागले आणि दोन्ही वेळा रेडिओने त्यांची मान अलगद सरळ केली. त्याचं सगळं लक्ष श्वासावर होतं. श्वास आत, श्वास बाहेर. कात्री आत, कात्री बाहेर. इतकं एकाग्र काम आपण जन्मात केलं नाही असं त्याला वाटलं.

सर उठले तेव्हा 'हलकं वाटलं' म्हणाले नाहीत. त्यांनी बरणीतली सगळी बिस्किटं बांधून घेतली. सरांना वरची कवळी, खालची कवळी. एरवी ते चहात बुडवल्याशिवाय पावाला हात लावत नसत. तरी रेडिओला वाटलं, वा, सरांनाही पटलं.

दारात सर थांबले. मागे आले. रेडिओच्या गालावरून त्यांनी एकदा हात फिरवला, चौथीतल्या पोराच्या फिरवावा तसा, आणि गेले.

पुढच्या शनिवारी सर आले नाहीत. आली ती रेडिओची ताई, दुसऱ्या गावाहून, हातात कपड्यांची बॅग आणि डोळे सुजलेले. ती तडक दुकानात शिरली आणि अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकासमोर तिने भावाला मिठी मारली.

"सख्ख्या बहिणीला सांगावंसं वाटलं नाही रे तुला? परक्यांकडून कळावं?"

रेडिओने ओठांवर बोट ठेवलं. ताईने ते बोट धरून खाली ओढलं.

"बोल. शक्ती असेल तेवढं बोल. कुठे दुखतं? कोणत्या डॉक्टरकडे चाललंय?"

"कसलं डॉक्टर?" बऱ्याच दिवसांनी दुकानात रेडिओचा आवाज उमटला. "मला काय धाड भरलीये?"

अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक फेसासकट उठून उभं राहिलं. समोरून घड्याळवाले काका धावत आले. मग कोणाला कोणी सांगितलं, त्याला कोणी सांगितलं, असं एकेक चाक मागे फिरवत सगळे शेवटी काकांपाशीच येऊन थांबले.

"अरे, तूच वर बोट दाखवायचास," काका म्हणाले.

"बोट नाही हो, मी नुसतं वर पाहायचो. मन शांत करायला."

"आमची झोप उडाली त्याचं काय? वाण्याने तुझ्यासाठी उपास धरलाय. आणि सर तर... मी सांगितल्यावर सर खालीच बसले. त्या शनिवारी तुझ्याकडून निघताना म्हणाले, त्याला आता माझं जाणं सांगून आणखी त्रास कशाला द्यायचा."

"कुठे जाणं?"

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. "तुला खरंच माहीत नाही? मुलीने कायमचं बोलावून घेतलं त्यांना. परवा गेले."

रेडिओ कात्री हातात तशीच घेऊन धावत सुटला. सरांच्या दोन खोल्यांना कुलूप होतं. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाईंनी कात्री पाहून आधी दार लावून घेतलं, मग ओळख पटल्यावर पुन्हा उघडलं.

"गेले हो सर. आणि हे ठेवून गेले," त्यांनी एक पुडकं पुढे केलं. त्यात सगळी बिस्किटं होती, एकही न मोडलेलं. "म्हणाले, मला काही चावत नाही, पक्ष्यांना घाला. पण त्या पोराला कळू देऊ नका, जिवाला लावून घेईल." बाई जरा घुटमळल्या. "पक्षीही खात नाहीत हो."

घरी येऊन रेडिओने बायकोला सगळं सांगितलं. सांगताना नेहमीसारखं तिखटमीठ लावायचंही त्याला सुचलं नाही. तो म्हणाला, "ते म्हणाले होते, एक सांगायचं आहे म्हणून. मी बोट ठेवलं."

बायको म्हणाली, "गप्प मीही बसते, अहो. पण दूध वर आलं की उठते."

एवढंच. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याला कळलं, की हिला सकाळी नुसती लवकर जाग येत नाही.

त्याने सरांना फोन लावला. पलीकडून घंटा वाजत राहिली, आणि मग तो ओळखीचा, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा आवाज आला.

"अरे, तू? बोलायला त्रास होत नाही ना?"

"सर, मला काही झालेलं नाही. मी धडधाकट आहे. ते सगळं उगाच उठलं."

सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हो, हो. असंच म्हणत राहायचं. हिंमत फार मोठी गोष्ट आहे."

"सर, खरंच. मी फक्त सजगपणे..."

"दमू नकोस. ऐक. इथल्या आरशात बघितलं, तर माझी एक बाजू लांब राहिलीये. मुलगी म्हणते, इथल्या सलूनमध्ये जाऊन सारखी करून घ्या. मी म्हटलं, कोणाला हात लावू देणार नाही. त्याच्या हातचं शेवटचं काम आहे ते."

रेडिओच्या मनात आलं: कान, डोळे, श्वास सगळं त्या डोक्यावर लावून बसलो होतो आणि एक बाजू राहिली. आपल्याला सरही दिसले नाहीत आणि सरांचे केसही दिसले नाहीत.

"मी येतो सर. गाडी पकडून येतो, सारखे करून देतो."

"छे, छे. तुला प्रवास झेपायचा नाही. तू आराम कर. हलकं काहीतरी खा." सर थांबले, आणि मग न राहवून म्हणाले, "ती बिस्किटं मात्र नको खाऊस रे."

फोन ठेवताना सर हसले. "तुझं बटण सापडलं म्हणायचं शेवटी. पण बाबा, सापडायला नको होतं."

दुसऱ्या दिवशी रेडिओने पाटी काढली. बरणी धुऊन बायकोच्या हवाली केली, तिने तिच्यात मीठ भरलं. त्याने सोमवारच्या गाडीचं तिकीटही काढलं. कात्री, कंगवा आणि मानेभोवती गुंडाळायचं पांढरं कापड एका पिशवीत बांधून ठेवलं. मग शटर वर करून तो बोलू लागला. खुर्चीतल्या वाण्याला त्याने मांजराची, कुंडीची, सरांच्या गुडघ्याची सगळी गोष्ट सांगितली, मध्येच हसला, मध्येच डोळे पुसले, तीच गोष्ट पुन्हा सुरू केली. इतक्या दिवसांचं साचलेलं सगळं एकदम बाहेर पडत होतं.

वाणी दाढी करून बाहेर आला, रस्ता ओलांडून काकांच्या दुकानात गेला आणि मान हलवत म्हणाला, "फारच बोलतोय हो आज. लक्षण काही ठीक दिसत नाही."