पेरलेली सैल तार

एखाद्या वस्तूत दोष नाही हे सिद्ध करता येत नाही; तो सापडला नाही, एवढेच म्हणता येते. याच तत्त्वावर जगातील सारी तपासणी-खाती उभी आहेत, आणि याच तत्त्वावर सरांचे विमानही गॅरेजात उभे होते.

सर हे पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. घरामागच्या गॅरेजात त्यांनी स्वहस्ते दुहेरी पंखांचे विमान बांधले होते. (मोटार तेव्हापासून उन्हात असते.) वरचा आणि खालचा पंख एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांच्यामध्ये चोवीस तारा तिरप्या ताणलेल्या होत्या: निम्म्या, उडताना पंख वर दुमडू नयेत म्हणून; निम्म्या, उतरल्यावर ते खाली गळू नयेत म्हणून. प्रत्येक तारेच्या टोकाला ताण कमीजास्त करणारा टर्नबकल. पहिले उड्डाण रविवारी ठरले होते. अट एकच होती: बांधणाऱ्याखेरीज दुसऱ्या माणसाने तारा तपासाव्यात.

दुसरा माणूस म्हणून मेहुणे आले. ते पुलांचे निवृत्त अभियंता. त्यांनी एकेक तार बोटाने छेडली, तिला ताणमापक लावला, चहा घेतला आणि म्हणाले, "भावोजी, झकास आहे."

सर अस्वस्थ झाले. शून्य दोषांचे दोन अर्थ निघतात: तारा उत्तम आहेत, किंवा मेहुणे निरुपयोगी आहेत. उपलब्ध पुरावा दोन्हींना सारखाच पोषक होता. (मागच्या आसनावर बसण्याचे निमंत्रण मेहुण्यांनी गुडघ्याचे कारण सांगून नाकारले होते, हेही विचारात घ्यावे लागले. सरांच्या स्वतःच्या तपासण्यांतही शून्यच दोष निघाले होते. पण तो कारागिरीचा पुरावा.)

शास्त्रात यावर उपाय आहे. तपासणाऱ्याला तपासायचे तर एक दोष मुद्दाम पेरावा. तो सरांनी पेरून चालणार नव्हते. पत्ते खेळताना त्यांच्या हातातला एक्का साऱ्या घराला त्यांच्या चेहऱ्यावरच दिसतो. म्हणून पाना सरांच्या पत्नीच्या, म्हणजे साऱ्या गल्लीच्या काकूंच्या, हाती देण्यात आला. कोणतीही एक तार अर्धा फेरा सैल करायची, आणि कुणालाही, अगदी सरांनासुद्धा, सांगायचे नाही.

"आणि ती सापडलीच नाही तर?" काकूंनी विचारले.

"तर तपासणी कुचकामी ठरेल."

"आणि तुम्ही?"

हा प्रश्न प्रयोगाच्या कक्षेबाहेर असल्याचे सरांनी सौम्यपणे निदर्शनास आणले.

शनिवारी दोघांनी स्वतंत्रपणे तपासणी केली. मेहुण्यांना तीन तारा सैल आढळल्या. सरांना पाच (अभ्यासाचा फरक). त्यांतली एकही सामाईक नव्हती. ताणमापकाची काहीच तक्रार नव्हती. पण दोष आहे हे एकदा ठाऊक झाल्यावर यंत्राच्या भाबडेपणावर किती विसंबायचे? आठही तारा आवळल्या गेल्या. एक आवळली की समोरची ढिली भासे, म्हणून तीही आवळली. सायंकाळी डावा पंख उजव्यापेक्षा चार बोटे खाली आलेला होता. तपासणीची कार्यक्षमता मात्र आठशे टक्के भरली.

काकू चहा घेऊन आल्या, तेव्हा सरांनी विजयी मुद्रेने विचारले, या आठांतली तुझी कोणती?

"एकही नाही. मी पाना हातातसुद्धा धरला नाही."

"का?"

"अहो, त्यात तुम्ही बसणार, आणि तार मी सैल करू? वेड लागलंय का मला?"

सरांना काही क्षण शास्त्र आठवेना. मग आठवले: काकूंचे हे विधानसुद्धा स्वतंत्रपणे पडताळलेले नव्हते. सबब, उड्डाण पुढे ढकलण्यात आले. पाना काकूंनी स्वतःच्या कपाटात ठेवून कुलूप लावले आणि त्या रात्री, बऱ्याच दिवसांनी, त्यांना गाढ झोप लागली.

वाचकांना सरांचे हसू आले असेल तर ते साहजिकच आहे. हसणाऱ्या वाचकांच्या डोक्यावर जो पंखा फिरतो आहे तो एकाच बोल्टवर टांगलेला असून, बसवणारा 'झकास आहे' म्हणून गेल्यापासून त्याची तपासणी झालेली नाही. (आता वर पाहू नये. पाहणाऱ्याला तो हलताना दिसतोच.)