गाडीचे तेल आणि माझे हात

मी रागीट आहे असे लोक म्हणतात. लोकांनी कारणे देणे थांबवावे, मी राग थांबवतो. त्या आठवड्यात कारण माझ्याच बायकोने दिले. मी एवढेच ठरवले होते, की स्वयंपाकघरातले तेल हाताला लावणार नाही.

चिमटीत कापूस धरून, ओढून, धाग्याची लांबी सांगणारा तेल्हाऱ्यात मी एकटाच. (शाळा लागत नाही. मी दोन पावसाळे गेलो होतो, पुरले.) अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेला आपला कापूस हवा झाला आणि अकोल्याच्या एका पेढीला हंगामभर पारखी हवा झाला. पेढीचा माणूस अब्दुल गफ्फार सोमवारी माझी परीक्षा घ्यायला येणार होता. माझी!

आणि नेमके हात फुटले. थंडी, कोरडा वारा, दिवसभर हातात कापूस. धागा भेगेत अडके आणि तुटे. लांब धागा मी आखूड सांगू लागलो. म्हणून रोज कढत पाण्याने हात धुऊन राखेने घासले. भेगा वाढल्या.

बायको, मनकर्णा, चुलीपासून पाहत होती.

"हात धुऊन राहिले का भांडं घासून राहिले?"

"घाण काढून राहिलो."

"घाण नाई ते. कातड्यातलं तेल गेलं अन् पाणीबी गेलं. कापूस आधीच हातातलं तेल पेते, वरतून तुमी राख घासता. कोमट पाण्यानं धुवा, अन् हात ओला हाय तवाच गोडं तेल चोपडा, म्हंजे ओल आत राह्यते. अन् दिवसातून चार लोटे पाणी पेत जा."

"तेल चोपडणं बायांचं काम हाय."

"मंग भेगाबी बायांलेच पडाले पायजे होत्या."

नवऱ्याशी असे बोलतात? मी उठून गेलो.

सोमवारी पहाटे बोटांतून रक्त आले. तेल लावणे भाग होते, पण तिचे नाही. गोठ्यात गाडीच्या आखाला लावायचे वंगण होते. एरंडीचे तेल, पुरुषाचे तेल. आखाला चालते तर मला का नाही? अंधारातच दोन्ही हातांना चोपडले. (त्यात काजळी घालतात, हे मला ठाऊक होते. काजळी मीच घालतो.)

अब्दुल गफ्फारने ओसरीवर पाटीभर पांढराशुभ्र कापूस ठेवला. मी हात घातला. धागा तुटला नाही. अख्खा पुंजका काळा होऊन बोटांना चिकटून आला.

"नत्थुजी, हा कापूस हाय का कोयसा?"

"कापसातच खोट हाय."

"अकोल्याहून मीच आणला ना, मियाँ."

मी रागाने दुसरा हात घातला. आता सगळी पाटीच चितकबरी झाली.

मनकर्णा बाहेर आली. तळाचा स्वच्छ पुंजका काढला, ओढला. "धागा लांब हाय. पण मंधात मागच्या सालचा कापूस मिसयला."

गफ्फार तिच्या बोटांकडे पाहत राहिला. "बराबर. पारख पाहाले मीच मिसयला होता. भाबी, पेढीवर येता का?"

"माझ्या घरची बाई पेढीवर जाणार नाई," मी बजावले.

"मंग पाट्या इथंच पाठवतो," तो म्हणाला.

तेव्हापासून अकोल्याच्या गाड्या आमच्या दारी थांबतात. गाडीवान विचारतात, पारखी कुठे. मी त्यांना बसवतो आणि आत आवाज देतो.