पाचच्या आतला धक्का

शाळा वाचायला साठ गुण हवे होते आणि प्राध्यापक हिमेना आराबेना यांच्या तक्त्यात टेकडीवरच्या शाळेचे पन्नासच झाले होते. उरला होता दहा गुणांचा शेवटचा प्रश्न. तो हुकला तर पोरं खाली बंदरालगतच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथे जनरेटर होता, भोंगा होता, आणि समुद्र तर भिंतीला लागूनच होता.

गरिबांच्या शाळा आणि आपत्ती हा हिमेनाबाईंचा विषय. आख्ख्या तालकावानो शहरात भूकंपावर त्यांच्याइतकं कुणी लिहिलं नसेल. त्या याच शाळेत शिकलेल्या, म्हणून गुण देताना हात अंमळ आखडताच ठेवत होत्या.

"भोंगा?" त्यांनी सकाळीच विचारलं होतं.

"नोल्फा मावशी आहेत की," मुख्याध्यापक कार्कामो म्हणाले. "स्वयंपाकघरातून पातेलं वाजवतात."

तक्त्यात पातेल्याला रकाना नव्हता.

बाई शेवटच्या प्रश्नावर आल्या आणि जमीन हलली. पातेलं वाजलं. कार्कामो सर हजेरीपट घेऊन बाहेर धावले. बाई बसून राहिल्या. आमच्याकडे पाचच्या आतल्या धक्क्याला खुर्ची सोडणं कमीपणाचं समजतात. माणूस चहाचा कप सावरतो आणि आकडा सांगतो.

"चार पूर्णांक आठ," बाई रिकाम्या खोलीला म्हणाल्या.

धक्का वाढला. कपाट सरकत आलं आणि दाराला टेकून बसलं.

"पाच पूर्णांक सहा," बाईंनी दुरुस्ती केली.

मैदानात चौथीतल्या येसेनियाने मोजणी संपवली. "सर, एकसष्ट मुलं, तीन शिक्षक, मावशी, कुत्रा. पाहुण्या नाहीत."

नोल्फा मावशी हातातल्या डावासकट खिडकीशी पोचल्या, तेव्हा बाई निम्म्या बाहेर होत्या. निम्म्या आत, कारण खांद्यावरची बॅग खिडकीच्या कडीला अडकली होती.

"बॅग सोड, हिमे."

"मावशी, सहा वर्षांचं संशोधन आहे त्यात."

"मग बाहेर कोण येणार, तू का ते?"

मागून एकसष्ट मुलांनी सुरात म्हटलं, "दप्तर नाही, डबा नाही, आधी आपण."

हे बाईंनाही पाठ होतं. पस्तीस वर्षांपूर्वी मावशींनीच घोकून घेतलेलं. त्यांनी बॅग सोडली आणि त्या थेट मावशींच्या अंगावर आल्या.

"पहिलीत असताना सगळ्यांच्या आधी बाहेर असायचीस," मावशी त्यांची धूळ झटकत म्हणाल्या. "पुढे काय शिकवलं गं तुला?"

सगळं शांत झाल्यावर बॅग आली, चहा-पाव आला आणि शेवटचा प्रश्नही आला: इमारतीत मागे राहिलेल्या व्यक्ती, त्यांच्या संस्थेसह. शाळेचं कुणी राहिलं नसेल तरच दहा गुण.

"सर, खोटं कसं लिहू?" बाई म्हणाल्या. "एक राहिली ना."

कार्कामो सरांनी चहा खाली ठेवला. बाईंनी जड हाताने लिहिलं: 'एक. या शाळेची माजी विद्यार्थिनी.'

मावशी खांद्यावरून वाचत होत्या. "ते खोड," त्या म्हणाल्या. "शाळेची बदनामी होते. आमच्याकडून गेलीस तेव्हा चांगली होतीस. आता कुणाची आहेस ते लिही."

बाईंनी विचार केला. नियमाने तेच बरोबर होतं. त्यांनी विद्यापीठाचं नाव लिहिलं. शाळेचे साठ झाले.

महिन्याभराने विद्यापीठातून पत्र आलं. मावशींनी प्राध्यापकांना दोन दिवस शिकवायला यावं, अशी विनंती होती.

"किती जण आहेत?" मावशींनी फोनवर विचारलं.

"चारशे," हिमेनाबाई म्हणाल्या. "सगळे पीएचडी."



"मग मोठं पातेलं आणते," मावशी म्हणाल्या.