आदरणीय जोतीराम यांस

कायदा पाळावा तर आम्हीच! उचगावात माझं गुरांच्या पेंडीचं दुकान आहे, आणि तालमीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही मीच. परवा तालमीत चौकीचे हवालदार साहेब येऊन दम देऊन गेले, "मेसेजमधनं शिवी दिली, कुणाला मनस्ताप दिला, तर गुन्हा!" झालं! मी ठरवलं, आजपासून आपला मोबाईल म्हणजे धुतला तांदूळ!

आता माझा लंगोटीयार जोतीराम. रोज सकाळी मी त्याला लिहितो, "रेड्या, हायस का मेलास? मिसळ खायला ये!" तो त्याहून जड काहीतरी पाठवतो आणि येतो. पण त्या दिवशी मी लिहिलं, "आदरणीय श्री. जोतीराम यांस, सप्रेम नमस्कार. आपण नाश्त्यास येऊ शकाल काय? आपला नम्र, बाबासो."

उत्तर नाही! माणूसही नाही! दुपारी त्याच्या बायकोचा, शालूबाईचा फोन.

"भावजी, काय भांडलासा ओ ह्यांच्यासंगं? सकाळधरनं जेवल्यालं न्हाईत. म्हशीच्या गळ्यात पडून रडालेत!"

"भांडतोय कशाला? नमस्कार केला की वहिनी!"

"त्येच की! असली भाषा ह्यांच्या चुलत्यानं लिवलीती, वाटणीच्या नोटिशीत! आता उठून चौकीत गेल्यात!"

सगळा जन्म ज्याच्यासंगं काढला, तो दोस्त असा जाणार? चप्पल न घालताच पळालो!

चौकीत हवालदार माझा मेसेज तिसऱ्यांदा वाचत होते. "अहो, ह्यात शिवी कुठाय?"

"न्हाय, त्योच गुन्हा हाय साहेब!" जोतीराम हुंदके देत होता. "तालमीत तुम्हीच सांगितलासा की, मनस्ताप दिला तरी गुन्हा! माझा दोस्त मला 'आपण' म्हणालाय! काय राहिलं आता?"

हवालदार माझ्याकडं वळले. "काय ओ पावणं, असं लिवत्यात व्हय माणसाला?"

मला राहवेना. तिथंच मोबाईल काढला आणि पाठवलं, "मुडद्या, रेड्याच्या रेड्या, चौकीत काय करालायस? ऊठ की!" जोतीरामनं वाचलं आणि अशी मिठी मारली, की माझ्या बरगड्या वाजल्या!

"आपलाच हाय गा!"

माझेही डोळे भरून आले. हवालदारांनी मात्र जोतीरामचा मोबाईल घेऊन वाचला आणि टेबलावर हात आपटला.

"माझ्यासमोर शिवी? माफी मागा! मेसेजवरच! सभ्य भाषेत!"

कायदा तो कायदा. मी लिहिलं, "आदरणीय जोतीराम यांस, आपली क्षमा मागतो."

जोतीरामनं मोबाईल परत घेऊन वाचलं. माझ्यापासून लांब सरकला आणि खुर्चीत जाऊन बसला.

"लिवून घ्या साहेब. तक्रार दुसरी."