इस्माईलचाचांची विनाथांबा सायकल

अन्याय झाला तो इस्माईलचाचांवर. कधी, तर संक्रांतीच्या आदल्या रविवारी, सकाळी सव्वासातला, सांगलीत, सायकल राईडच्या नावनोंदणीच्या टेबलावर. चाचांनी स्वच्छ शब्दांत "कडेगाव" असं सांगितलं होतं. टेबलामागच्या गॉगलवाल्या संयोजकानं त्यांच्या पांढऱ्या दाढीकडं पाहिलं, "काका, तुम्हाला ही बरी" म्हणत त्यांचं नाव 'ज्येष्ठांची आनंदफेरी'त घातलं आणि त्यांच्या हँडलला गुलाबी फुगा बांधला. सायकलवाल्यांना रस्त्यात हक्काची जागा मिळावी म्हणून मी पत्रकं काढते, वाटते, आणि लोक त्यात भेळ खाताना बघते. पण तो फुगा बघून माझं डोकं जेवढं फिरलं, तेवढं कशानंच फिरलं नव्हतं.

चाचा कोण, ते आधी सांगते. आमच्या गल्लीत राहतात, एकटेच. नोकरीभर त्यांनी सांगली-कडेगाव एसटीची लाल गाडी चालवली. रिटायर झाल्यावर गाडी सुटली, ड्रायव्हर सुटला नाही. डबल बेल झाल्याशिवाय चाचा सायकलसुद्धा हलवत नाहीत! दारात एक पाय जमिनीला टेकवून, नजर समोर ठेवून बसून राहतात. कुणीतरी जाऊन त्यांची घंटी दोनदा वाजवायची, मग स्वारी निघते. एकदा गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दूध आणायला निघालेले चाचा तासभर दारातच.

"चाचा, आपणच वाजवायची की!" मी म्हटलं.

चाचा दचकले. "आगं पोरी, डायवरनं बेल मारायची? मग कंडक्टरनं काय करायचं?"

सायकलला गिअर नाहीत. तरी चढ लागला की चाचा तोंडानं 'घर्रर्र' करून गिअर पाडतात. घरी आल्यावर "आलो" म्हणत नाहीत, "डेपोत लावली" म्हणतात.

राईडची जाहिरात मीच त्यांना वाचून दाखवली. पंचवीस किलोमीटर, पन्नास आणि सव्वाशेच्या घरातली मोठी. अशा वेळी माणसं आपल्या गुडघ्यांना विचारतात, डॉक्टरला विचारतात. चाचांनी एकच विचारलं, "वळायचं कुठं?"

"पंचवीसवाले कवलापूरच्या आसपास. पन्नासवाले तासगावला. मोठीवाले कडेगावला."

"मग मोठी."

"चाचा, पहिल्यांदाच करताय. पन्नासनं सुरुवात करा."

"तासगावला माजं काय काम हाय?"

मला वाटलं, काय ही जिद्द! मी लगेच मोबाईलवरून सरावाचं वेळापत्रक उतरवलं आणि त्यांच्या दाराला चिकटवलं. या आठवड्यात इतकं, पुढच्या आठवड्यात तितकं, मध्ये न थांबता.

आणि तिथंच घोडं अडलं. चाचा न थांबता जाऊच शकत नव्हते. माधवनगरचा थांबा आला, ब्रेक. बुधगावचा आला, ब्रेक. थांब्यावर कुणी असो नसो, सायकल डावीकडं घेणार, मागं वळून बघणार, आणि मागून येणाऱ्या माझ्या डबल बेलची वाट बघणार. कवलापूरला एक म्हातारी पिशवी उचलून उठलीच.

"तासगाव हाय का रं?"

"हाय की," चाचा म्हणाले. "पर शीट न्हाई."

"मी हुबी ऱ्हातो," म्हातारी म्हणाली आणि कॅरिअरला हात घातला! तिला समजावण्यात आमचा अर्धा सराव गेला.

मी चिडले. "चाचा, राईडला वेळेची मर्यादा आहे. अशानं तुम्ही कडेगावला उरसालाच पोचाल. काय अडतं न थांबता जायला?"

"थांबा म्हंजे थांबा. गाडी आपली न्हाई पोरी, पाशिंजरांची हाय."

भाषण देऊन उपयोग नव्हता. माझी भाषणं तशीही कुणी ऐकत नाही. त्या रात्री मी पत्रकांच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, त्यावर लाल रंगात 'सांगली-कडेगाव, विनाथांबा' लिहिलं आणि सकाळी त्यांच्या हँडलला बांधलं. चाचांनी पाटी वाचली. कॉलर सरळ केली. मी दोन बेल दिल्या.

मग काय सांगावं! माधवनगर गेलं, बुधगाव गेलं. कवलापूरला तीच म्हातारी हात करत होती. चाचा तिच्याकडं न बघता ओरडले, "मागनं साधी येतीया!" वाऱ्यानं टोपी उडाली, थांबले नाहीत. मी टोपी उचलून ऊर फुटेस्तोवर मागं सायकल हाणली तेव्हा तासगावच्या अलीकडं गाठ पडली. वर मलाच दम, "विनाथांब्याला हात करत्यात व्हय?" दोन महिन्यांत चाचांच्या पिंडऱ्या उसाच्या कांड्यासारख्या झाल्या.

आणि एवढ्या तयारीच्या माणसाला फुगा!

मी टेबलावर हात आपटला. वयाच्या दाखल्यावरून माणसाची कुवत ठरवणाऱ्या मनोवृत्तीचा मी तीव्र निषेध केला. मागं रांग खोळंबली. गॉगल म्हणाला, "ताई, काकांच्या काळजीपोटीच केलंय हो."

आता चाचा पुढं झाले आणि अगदी हळू विचारलं, "सायेब, ही फुग्याची फेरी कडेगावला जाती का?"

"नाही काका. गावातल्या गावातच."

"मग मला तिचा काय उपेग? माजी ल्येक कडेगावला दिलीया."

संयोजकाचा गॉगल खाली उतरला. त्यानं नाव मोठ्या राईडला घातलं आणि फुगा सोडवून घेतला.

घरी येताना चाचा आपणहून बोलले. लेकीचं, नसीमचं, लग्न झालं तेव्हा ते कडेगावच्याच गाडीवर होते. कडेगावच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबायची. नसीम यायची, खिडकीशी उभी राहायची. तेवढंच. रिटायर झाले आणि ती दहा मिनिटं गेली.

"मग घरीच जायचं की थेट! बसनं जा, सायकलनं जा."

"बिनकारनाचं? बापानं लेकीच्या दारात असं जाऊ न्हाई. लोक म्हनत्यात, ह्याला घरी कोन इचारत न्हाई, म्हून आलाय." मग म्हणाले, "आनि चाची गेल्यापास्नं खरंच कोन इचारत न्हाई. म्हून तर जास्तीच वंगाळ दिसतंय."

जगातल्या कुणाच्याही दारात चहाला बसणारा हा माणूस. लेकीच्या दारात जायला मात्र त्याला कारण लागत होतं, म्हणून ही राईड.

राईडच्या दिवशी चाचा वेळेत कडेगावला पोचले. मागून मी, अर्धमेली. वळायची जागा स्टँडसमोरच होती. चाचा येणार हे कळून नसीम उभी होती, शेजारी तिचे सासरे. उसाचे शेतकरी, दणकट माणूस.

"आवं ड्रायव्हरसायेब, घरला चला."

"न्हाई न्हाई, राईड हाय. फिरायचंय." चाचा सीटवरून उतरलेसुद्धा नाहीत. नसीमकडं बघितलं. "बरी हायस न्हवं?"

"हाय. अब्बा, लय वाळलाय तुमी."

"सराव केलाय."

चाचांनी हँडल सांगलीकडं वळवलं. इतक्या महिन्यांचा घाम गाळून आणलेलं कारण संपलं होतं!

तेवढ्यात नसीमचे सासरे खाली वाकले. फुस्स करून आवाज आला. ते उठले तेव्हा मागच्या चाकाचा व्हॉल्व्ह त्यांच्या मुठीत होता.

"पंक्चर हाय," ते गंभीरपणे म्हणाले.

"आवं व्याही, हे काय..."

"पंक्चर हाय म्हन्तोय न्हवं! गावातला मेस्त्री लग्नाला गेलाय. कवा ईल सांगता येत न्हाई. तवर घरला चला."

चाचांनी चाकाकडं बघितलं, नसीमकडं बघितलं. मग पाय टाकून सायकलवरून उतरले. नसीमनं हँडल स्वतःच्या हातात घेतलं आणि तिघं चालत गल्लीत गेले. मेस्त्री चार दिवस लग्नात होता. राईडच्या निकालात चाचांच्या नावापुढं 'अपूर्ण' लिहिलंय. लिहू देत.

माझी मागणी आता संयोजकांकडं नाही, तुमच्याकडं आहे. तुमच्या घरात दुसऱ्या कुणाची लेक नांदत असेल तर हे पान खाली ठेवा आणि तिच्या बापाला फोन लावा. तिला लावायला सांगू नका, तुम्ही लावा. या म्हणा. तो विचारेल, काही विशेष? काही नाही म्हणा. नुसते या.