अंजिरांपायी सोडचिठ्ठी

एल्याशीब याजकाच्या ओसरीवर अंजिरांची पाटी येऊन टेकली, तेव्हाच त्याच्या जावयाने, यकीम कुंभाराने, ओळखलं की आज आपली धडगत नाही. कुण्या शेतकऱ्याने देवाला वाहिलेली ही हंगामातली पहिली फळं. ती याजकाने खावीत, त्याच्या बायकोने खावीत, घरच्या गुलामानेही खावीत. पण याजकाची लेक याजकांच्या बाहेरच्या कुळात दिली, की तिला त्यातलं सालही चालत नाही. आणि यकीमची बायको शप्पिरा माहेरी येऊन नेमकी त्या पाटीपुढेच बसली होती. जुन्या सवयीने तिचा हात गेलाच.

"ठेव ते!" बाप ओरडला. "देवाचा कोप ओढवून घ्यायचाय?"

"दामा खातोय तो?"

म्हातारा गुलाम दामा कोपऱ्यात मिटक्या मारत होता.

"तो घरचा आहे."

"आणि मी?"

"तू आता कुंभाराची."

शप्पिराचे डोळे भरून आले. यकीम धावत बाजारात गेला आणि पदरमोड करून टोपलीभर अंजिरं घेऊन आला. तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

"अगं, अंजीर ते अंजीर!"

"मडकं ते मडकं म्हटलेलं चालेल तुम्हाला?"

लेकीची समजूत काढायला म्हणून बाप बोलून गेला, "बाळ, शास्त्रच आहे. नवऱ्याने सोडलेली, मूलबाळ नसलेली लेक असती, तर बापाच्या ताटात जेवली असती."

"मग सोडा मला!" शप्पिरा नवऱ्याकडे वळली. "अंजिरं खाते, उद्या पुन्हा लग्न लावू."

"सोडतो! बोलवा लेखनिकाला!" यकीमही तापला.

दामा शेजारच्या लेखनिकाला घेऊन आला. त्याने बोरू तासायला घेतला आणि यकीमचा राग झर्रकन उतरला. पण आता माघार कशी घ्यायची?

"मामा, उद्या परत द्याल ना हिला?" त्याने हळूच विचारलं.

"बघू," सासरा म्हणाला. "हिच्या आईला कुंभाराचं स्थळ तेव्हाही पसंत नव्हतं."

बायको तोंडाळ होती, पण तिच्यावाचून त्याचं चाक एक दिवस फिरलं नसतं.

लेखनिकाने नावं विचारली, गावं विचारली. शप्पिराने सगळं फडाफडा सांगितलं.

"पोटात काही नाही ना?" शेवटी त्याने विचारलं. "असेल तर चिठ्ठी घेऊनही अंजीर मिळायचं नाही. पोटातलं पोर नवऱ्याच्या कुळाचं."

शप्पिरा डोक्यावरचं वस्त्र सारखं करत बसली.

"तरीच!" दाराशी उभ्या असलेल्या आईने कपाळाला हात लावला. "मेलीला डोहाळे लागलेत!"

"अगं, मला सांगितलं का नाहीस?" यकीमला हसावं की रडावं कळेना.

"सांगणारच होते," शप्पिरा पुटपुटली. "अंजिरं खाऊन झाल्यावर."

याजकाने लेखनिकाच्या हातातला बोरू काढून घेतला आणि बाजारची टोपली लेकीपुढे ओढली. मग तोही तिथेच बसला, आईही बसली. आनंदाच्या भरात कुणी पाटीकडे वळूनही पाहिलं नाही.

देवाची पहिली फळं त्या दिवशी दामाने एकट्याने संपवली.